शुद्ध पाणी, पण कशापासून शुद्ध?

गुहागर तालुक्यातल्या खाडीलगतच्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या घरात चार तऱ्हेचं पाणी येतं. प्यायला आरओचं, इन्व्हर्टरला बॅटरी वॉटर, सासऱ्यांच्या सीपॅप मशीनसाठी (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून नाकातून हवा देणारं यंत्र) डॉक्टरांनी सांगितलेलं डिस्टिल्ड वॉटर, आणि होमस्टेवर उतरणारे पाहुणे मागतात ते मिनरल वॉटर. वरच्या वाडीतल्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ७० येतो, खाली खाडीकडच्या बोअरचा १४००. आरओ मशीन विहिरीच्या लाइनवर बसवलं आहे. त्या विचारतात, "सगळंच शुद्ध पाणी, तर एवढे प्रकार कशाला? आरओचंच पाणी सगळीकडे वापरलं तर काय बिघडेल?"

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात २८ वर्षं पाण्याचंच काम करतो आहे. आंबा कॅनिंगच्या बॉयलरचं पाणी, बर्फाच्या कारखान्याचं पाणी, डायलिसिसचं पाणी, ग्रामपंचायतीच्या विहिरींचं पाणी. तुमच्यासारखा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि दर वेळी मी आधी दोन उलटे प्रश्न विचारतो: कशापासून शुद्ध हवंय, आणि कशासाठी हवंय? नुसत्या 'शुद्ध' या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही. तुमच्या विहिरीचं पाणी जंतू मारून घेतलं की प्यायला छान आहे, पण तेच बॅटरीत घातलंत तर बॅटरी लवकर मरेल. उलट बॅटरीचं पाणी क्षारांच्या बाबतीत कितीतरी स्वच्छ असतं, तरी ते मी कुणाला प्यायला देणार नाही.

पाण्यात नको असलेल्या गोष्टी साधारण चार जातींच्या. एक, गाळ आणि गढूळपणा. दोन, जीवजंतू. तीन, विरघळलेले क्षार: मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, नायट्रेट वगैरे. चार, विरघळलेली पण क्षार नसलेली द्रव्यं: कीटकनाशकाचा अंश, डिझेलचा अंश, कुजलेल्या पालापाचोळ्याचा रस. शुद्धीकरणाची प्रत्येक पद्धत यातलं काही काढते आणि काही तसंच सोडते. प्रकार एवढे झाले ते त्यामुळे.

आता तुमचा टीडीएस मीटर. तो बाजूला ठेवू नका, पण तो काय बघतो ते समजून घ्या. एक ग्लास विहिरीचं पाणी घ्या, मीटर बुडवा, ७० दाखवेल. त्यात चमचाभर साखर घालून ढवळा आणि परत बुडवा. आकडा जवळजवळ तिथेच राहील. आता दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा शेकड्यांनी उडी घेईल. मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. क्षार वीज वाहून नेतात, साखर नेत नाही. आणि कावीळ, टायफॉइड, जुलाब करणारे जंतूसुद्धा त्या आकड्यात दिसत नाहीत. विहिरीपासून चार पावलांवर शोषखड्डा असेल आणि त्यातलं पाणी झिरपत असेल, तरी मीटर तुम्हाला ७०-८०च दाखवेल. मी कितीतरी घरांत पाहिलंय, माणसं मीटरवर कमी आकडा बघतात आणि पाणी न उकळता पितात.

याच मीटरच्या जोडीला विक्रेते दुसरं एक यंत्र आणतात. दोन ग्लास, त्यात धातूच्या कांड्या, वर वीज. एका ग्लासात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन मिनिटांत तुमच्या पाण्यात तपकिरी-हिरवट साका वर येतो, आरओचं पाणी तसंच नितळ राहतं, आणि घरातली म्हातारी माणसं घाबरून जातात. बरीच मशीनं त्या साक्यावर विकली गेली आहेत. तो साका तुमच्या पाण्यातला नसतो. कांडी लोखंडाची असते, वीज वाहिली की लोखंड सुटतं आणि गंजाचा गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. विक्रेत्यासमोरच त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घाला आणि परत चालवायला सांगा. तोही ग्लास तपकिरी होईल.

कोकणात जंतूंचा प्रश्न क्षारांपेक्षा मोठा आहे, म्हणून आधी त्याबद्दल. उकळणं ही आपल्या आजीची पद्धत आणि आजही सगळ्यांत भरवशाची. पाण्याला खळाखळा उकळी फुटली आणि मिनिटभर तशी राहिली की कॉलरा, टायफॉइड, काविळीचे जंतू मरतात. क्षार मात्र तसेच राहतात, उलट थोडं पाणी उडून गेल्यामुळे किंचित वाढतात. यूएफ म्हणजे बारीक पोकळ धाग्यांची गाळणी. तिची छिद्रं एका मायक्रॉनच्या शंभराव्या भागाइतकी, त्यामुळे गाळ आणि बॅक्टेरिया अडतात. क्षार आरपार जातात. वीज नसली तरी टाकीच्या उंचीवर ती चालते, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसणाऱ्या गावांत ही फार मोठी गोष्ट आहे.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. तो काहीच गाळत नाही, जंतू जागच्या जागी निकामी करतो. पण त्यासाठी उजेड जंतूपर्यंत पोचायला हवा. हे मी चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत दापोलीकडे एका घरात मी स्वतः नुसता यूव्ही बसवून दिला होता. मे महिन्यात पाणी काचेसारखं, अहवाल उत्तम. जुलैत विहिरीत तांबडं पाणी उतरलं आणि त्या घरातल्या दोन मुलांना जुलाब सुरू झाले. दिवा तर निळा पेटलेला होता. मी नळी उघडली, दिव्याभोवतीची क्वार्ट्झची काच बाहेर काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला जांभ्याच्या मातीचा लाल थर आला आणि काचेवर बोटाएवढी स्वच्छ रेघ उमटली. एवढ्या थरातून आणि गढूळ पाण्यातून किरण पलीकडे जाणारच नव्हते. तपासणीची छोटी एच-टू-एस बाटली, जी पाण्यात घाणीतले जंतू असले की काळी होते, भरून ठेवली, ती दुसऱ्या दिवशी काळी पडली. त्यानंतर गाळणीशिवाय यूव्ही मी कुठेही बसवलेला नाही. शिवाय यूव्हीच्या पुढे पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही. टाकी घाण असेल तर जंतू तिथे पुन्हा वाढतात. क्लोरीन मात्र पाण्यात शिल्लक राहून पुढेही पहारा देतो, म्हणून गावाच्या नळयोजनेला त्याच्याशिवाय पर्याय नाही.

आरओचं मुख्य काम क्षार काढण्याचं. एका बाजूने दाब दिला की पडद्यातून पाणी पलीकडे जातं, क्षार मागे राहतात आणि थोड्या पाण्याबरोबर वाहून टाकले जातात. उपयोगात येईल असा पडदा १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवला, तो समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, लिटरभर गोड्या पाण्यात पडला तरी टीडीएस १७५ ने वाढतो. खाडीकाठची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ का लागते, ते यावरून लक्षात येईल. गोडं पाणी हलकं असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि बोअरने वरून उपसलं की खालून खारं पाणी वर चढतं. उपशाच्या मानाने ते खूप जास्त चढतं, म्हणून खाडीकडच्या बोअरला मोठा पंप लावू नये.

आता तुमचे दोन आकडे घ्या. घरगुती आरओचा चांगला पडदा साधारण ९५ टक्के क्षार अडवतो. बोअरचं १४०० टीडीएसचं पाणी त्यातून काढलं तर हाती येईल ७० च्या आसपास. म्हणजे एवढी वीज, एवढा खर्च करून मशीन खालच्या बोअरचं पाणी तुमच्या वरच्या विहिरीच्या पातळीला आणून ठेवेल. जांभ्याच्या सड्यावर मुरलेल्या पावसाने ते काम तुमच्यासाठी आधीच केलेलं आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० पर्यंत योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. ७० टीडीएसच्या पाण्यावर आरओ बसवणं मला पटत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओवर बंदी आणावी असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. कारण आहे वाया जाणारं पाणी. घरगुती मशीन एक लिटर देताना बहुतेक वेळा तीन लिटर फेकतं, आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसत असताना ते बघवत नाही.

बोअरचंच पाणी प्यायची वेळ आली तर आरओ जरूर लावा, तिथे त्याला तोड नाही. त्याचं फेकलेलं पाणी संडासाला, लादी पुसायला वापरा. त्याचा टीडीएस २००० च्या जवळ असेल. नारळ ते सोसतो, पोफळीला घालू नका, ती खाऱ्याने सुकते.

आरओच्या टाकीबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडे ती फार घडते. क्लोरीन पडदा खराब करतो म्हणून मशीनमध्ये आधी कार्बनची गाळणी असते आणि ती क्लोरीन काढून टाकते. म्हणजे टाकीतलं पाणी उघड्यावर पडल्यासारखंच. चाकरमानी मेमध्ये येतात, परत जाताना मशीन बंद करतात आणि गणपतीला येऊन तेच मशीन सुरू करून पहिला ग्लास लहान मुलाच्या हातात देतात. तीन महिने साचलेल्या टाकीत बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो. टाकी रिकामी करा, घासा, गाळण्या जुन्या असतील तर बदला, दोन-तीन टाक्या पाणी वाहू द्या, मगच प्या.

डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून थंड केलेलं पाणी. काजूची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजवावं लागत नाही: खाली उकळी, वर वाफ, नळीतून थंड होऊन थेंब थेंब. क्षार वाफ होत नाहीत, ते भांड्यातच राहतात. जंतू मरतात. पण भट्टीत दारू वाफेबरोबर येते ना, तसंच जे जे उडणारं आहे ते पाण्याबरोबर पलीकडे येऊ शकतं. आणि उकळी जोरात असेल तर वाफेबरोबर बारीक तुषारही उडतात. या तुषारांनी एकेकाळी माणसांना ताप आणला होता. त्या काळी शिरेतून इंजेक्शन दिल्यावर रोग्याला थंडी वाजून ताप यायचा आणि कारण सापडत नव्हतं, कारण पाणी तर डिस्टिल केलेलं, निर्जंतुक. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट या तरुण संशोधक बाईंनी दाखवलं की उकळत्या भांड्यातले तुषार पलीकडच्या पाण्यात जातात आणि त्यातून आलेल्या बॅक्टेरियांच्या द्रव्यांनी ताप येतो. जंतू मेले तरी ती द्रव्यं उरतात. त्यांनी तुषार अडवणारं नवं भांडं बनवलं. इंजेक्शनचं पाणी हा वेगळा प्रकार आहे तो यामुळे. त्यात क्षार, जंतू आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष या तिन्हींची मर्यादा असते. मेडिकलमध्ये मिळणारी सीलबंद अँप्यूल वेगळी आणि गॅरेजवरचा पाच लिटरचा कॅन वेगळा.

त्या गॅरेजवरच्या कॅनवर पुष्कळदा 'डिस्टिल्ड वॉटर' छापलेलं असतं, पण आत बहुधा डीएम पाणी असतं. डीएम म्हणजे क्षार काढलेलं, रेझिनच्या नळकांड्यांतून गेलेलं पाणी. रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळसर मणी. एका नळकांड्यातले मणी कॅल्शियम, सोडियम, लोह धरून ठेवतात आणि हायड्रोजन सोडतात. दुसऱ्यातले क्लोराइड, सल्फेट धरतात आणि हायड्रॉक्साइड सोडतात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड भेटले की पाणीच तयार होतं. मणी भरले की एकाला आम्लाने आणि दुसऱ्याला कॉस्टिकने धुवून परत ताजे करायचे. क्षारांच्या बाबतीत हे पाणी साध्या डिस्टिल्डपेक्षा सरस निघू शकतं. पण मण्यांना जंतूंशी देणंघेणं नाही. उलट बंद ठेवलेल्या नळकांड्यात ओलसर मण्यांवर जंतू पोसतात. त्यामुळे वीजवाहकता एका मायक्रोसीमेन्सच्या खाली, म्हणजे क्षार जवळपास नाहीतच, आणि त्याच पाण्यात बॅक्टेरिया भरपूर, असे अहवाल मी स्वतः काढले आहेत.

अतिशुद्ध पाण्याचा प्रकार आणखी पुढचा. आरओ, मग रेझिन, मग यूव्ही, मग गाळणी, अशा ओळीने जाऊन प्रयोगशाळेतलं पाणी १८.२ मेगाओमला (पाणी वीज किती अडवतं त्याचं माप) पोचतं, त्यापुढे पाणी जातच नाही. ते बाटलीत भरून कपाटात ठेवता येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही मिनिटांतच त्याचा दर्जा उतरतो. डिस्टिल्ड पाण्याचंही तेच. 'नवीन कॅनचा पीएच ५.६ आला, परत करू का?' असे फोन मला येतात. परत करू नका, हवा लागलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच तेवढाच येतो.

आता तुमचा इन्व्हर्टर. तुमच्या आरओचं पाणी मीटरवर ५-१० दाखवत असेल, मग ते बॅटरीला का नाही? मिठागर आठवा. खाजणात खाडीचं पाणी घेतात, ऊन पाणी उडवतं, मीठ तिथेच राहतं. बॅटरीत हेच होतं. चार्जिंगला पाणीच उडून जातं, क्षार एक कणही जात नाहीत. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी भर घालता, चार वर्षं घालता, आणि दर वेळचा थोडा थोडा क्षार आत साठत जातो. त्यातलं क्लोराइड धन प्लेटच्या शिशाला खातं. लोह आणखी वाईट. ते दोन प्लेटांमध्ये ये-जा करत बॅटरी बसल्या जागी उतरवतं. आपल्या विहिरींत लोह सापडतं हे बादलीच्या तांबड्या कडेवरून तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय हल्लीच्या पुष्कळ आरओ मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळणारी कळ किंवा मिनरलची कांडी असते, तेव्हा आकडा ५ नसून ५० असू शकतो. बॅटरी वॉटरचा कॅन महाग नाही, बॅटरी महाग आहे.

एसीचं पाणी आणि पागोळ्यांचं पाणी, दोन्हींबद्दल विचारलं जातं. दोन्ही निसर्गतः डिस्टिल्डच. पण एसीचं पाणी धूळ बसलेल्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या गुंडाळीवरून ओघळतं. पागोळी कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन आणते, आणि समुद्राकडच्या गावात पावसातही वाऱ्याने उडालेलं मीठ असतं. बागेला, कपड्यांना उत्तम. बॅटरीला मी घालत नाही.

सासऱ्यांच्या सीपॅपला डॉक्टरांनी डिस्टिल्ड का सांगितलं? त्या यंत्राच्या पाण्याच्या डबीत पाणी गरम होऊन दमट हवा नाकात जाते. क्षार असतील तर डबीत पांढरा थर जमतो. म्हणून क्षार नको, आणि श्वासाचा मार्ग म्हणून जंतूही नको. इथे बॅटरी वॉटर चुकूनही वापरू नका. दोन्ही कॅन सारखेच दिसतात, पण बॅटरीचं पाणी माणसासाठी म्हणून कुणी भरलेलं नसतं, कॅन कशाकशाला वापरलेला असेल सांगता येत नाही, आणि त्याच दुकानात तसल्याच कॅनमध्ये आम्लही असतं. दोन कॅन घरात दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा, मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. सीपॅपचं डिस्टिल्ड मेडिकलमधून घ्या. डबीतलं पाणी रोज सकाळी ओतून द्या, डबी धुऊन उलटी वाळत ठेवा. एखाद्या रात्री डिस्टिल्ड संपलंच तर तुमच्या विहिरीचं पाणी उकळून गार केलेलं एका रात्रीपुरतं घाला, ७० टीडीएसने डबी बिघडत नाही. नेब्युलायझरला मात्र डिस्टिल्डही नको. तिथे औषध पातळ करायला निर्जंतुक सलाइन असतं, साध्या पाण्याने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. घरात कुणी जलनेती करत असेल तर पाणी उकळून गार करून, मीठ घालूनच. विहिरीचं थेट पाणी नाकात नको.

'कशासाठी' या प्रश्नाचं सगळ्यांत मोठं उत्तर मला डायलिसिसच्या खोलीत मिळालं. तुम्ही-आम्ही दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, आणि ते आतड्यांतून, मूत्रपिंडांतून गाळून जातं. डायलिसिसच्या रोग्याच्या रक्ताशेजारून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांत १२० लिटर, आठवड्यातून तीनदा. मध्ये फक्त एक पातळ पडदा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन, जो तुम्हाला-मला काविळीपासून वाचवतो, तो तिथे पोचला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गढूळ पाणी निवळायला आपण तुरटी फिरवतो, नळयोजनेतही तुरटी असते. तिच्यातलं अॅल्युमिनियम पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात, डायलिसिसच्या पाण्यात मर्यादा ०.०१. त्याहून जास्त जात राहिलं तर मेंदूवर आणि हाडांवर परिणाम होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नळाला तुरटी वाढली की मी डायलिसिसच्या पाण्याच्या प्लँटवर जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी क्लोरीन तपासल्याशिवाय मशीन लावू देत नाही.

मिनरल वॉटरचं थोडक्यात. आपण प्रत्येक बाटलीला मिनरल वॉटर म्हणतो, पण बाजारातल्या बहुतेक बाटल्या 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असतात: बोअरचं किंवा नळाचं पाणी आरओ करून, क्षार थोडे परत घालून, ओझोन किंवा यूव्ही देऊन भरलेलं. त्याचं मानक आयएस १४५४३. खरं नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणजे ठरावीक झऱ्याचं पाणी, त्याच्या मूळ क्षारांना हात न लावता उगमाजवळच भरलेलं. त्याचं मानक वेगळं, आयएस १३४२८. लेबलवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लग्नाकार्याला येतात ते वीस लिटरचे थंड जार या दोन्हींत मोडतीलच असं नाही. पुष्कळ जारवर ना सील असतं ना मानकाचा क्रमांक. तुमच्या पाहुण्यांना मी सीलबंद बाटली नाहीतर तुमच्याच विहिरीचं यूएफने गाळून उकळलेलं पाणी देईन, सील नसलेला जार देणार नाही.

मग तुम्ही काय करावं? विहिरीच्या लाइनवरचा आरओ काढा, तो खालच्या बोअरसाठी ठेवा. विहिरीच्या पाण्याला गाळाची गाळणी, तिच्यापुढे यूएफ, आणि पावसाळ्यात उकळणं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा थोडं आंबट असतं, पीएच ६ च्या आसपास, आणि असं कमी क्षारांचं पाणी धातूला खायला उठतं. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपातून सकाळी पहिलं पाणी तांबडं येत असेल तर पाइप प्लॅस्टिकचे करा. तांब्याच्या कळशीत ते दोन-दोन दिवस ठेवू नका.

विहिरीत पावसाळ्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालताना सगळेजण मुठीने मोजतात. मुठीने नको. चांगली ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा, चुन्याचा साका खाली बसू द्या. वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बादलीत ओता, ती दोराने पाण्याखाली सोडून चारी बाजूंना वरखाली करा. साका विहिरीत टाकू नका. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का याची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला की पाणी वापरायला घ्या.

आणि एकदा जंतूंची तपासणी करून घ्या, मीटरवर विसंबू नका. पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला की नमुना घ्या, विहिरीत वरची घाण उतरते ती तेव्हाच. भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मागून आणा. ती विसळू नका, झाकणाच्या आत बोट लावू नका, गळ्यापर्यंत भरू नका, वर दोन बोटं हवा राहू द्या. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. टीसीएल घातल्यानंतर चार-पाच दिवस नमुना घेऊ नका, नाहीतर अहवाल चांगला येईल आणि तो विहिरीचा नसेल, पावडरीचा असेल.